गाडीचं नाक उचलताना: स्पेसर की स्प्रिंग?

आमच्या जुन्या एसयूव्हीचं नाक फारच झुकलेलं दिसायचं. थोडा उतार कंपनीच ठेवते, मागे माणसं-सामान भरलं की गाडी सपाट यावी म्हणून. म्हणून आधी रिकाम्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना टेपने मोजलं. पुढच्या स्प्रिंगा थकून दबल्या होत्या.

ठाण्यातल्या माजिवड्याच्या मिस्त्रींनी स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती, सुचवला. स्वस्त आणि झटपट. पण स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या एकत्र जोडाच्या) डोक्यावर बसणारा स्पेसर थकलेल्या स्प्रिंगला बळ देत नाही, नुसती उंची देतो. शिवाय चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा आधीपेक्षा खाली जातं. बॉल जॉइंट (चाकाचा वळणारा सांधा) आणि ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर असे खड्डे रोजचेच! मी सरळ किंचित कडक कॉइल स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेतले, दोन्ही बाजूंचे एकदमच. नाक जरासं खालीच राहू दिलं, नाहीतर गावी जाताना भरलेली गाडी मागे बसली असती.

उंची बदलली की कॅम्बर, कॅस्टर, टो हे चाकांच्या बसणीचे कोन सगळेच हलतात. अलाइनमेंट करून ते लगेच नीट लावून घ्या. हेडलाइटही खाली लावून घ्या, समोरच्याचे डोळे दिपतात.