मुख्य दाराच्या लॉकचा सिलिंडर बदलताना या चुका टाळा

चावी अडायला लागली की दोष सिलिंडरलाच, म्हणजे लॉकच्या ज्या भागात चावी घालतो त्यालाच, दिला जातो. नागपुरात पावसाळ्यात तर हमखास. मे महिन्याच्या 45 अंशांत वाळून कोळ झालेलं लाकडी दार जुलै-ऑगस्टच्या ओलाव्यात फुगतं आणि लॉकची जीभ चौकटीवरच्या पट्टीला घासू लागते. म्हणून दुकानात जाण्याआधी दार उघडं ठेवून चावी फिरवून पाहा. उघड्या दारात सुरळीत फिरते आणि लावल्यावरच अडते, तर सिलिंडर ठणठणीत आहे. बिजागरीचे स्क्रू कसा, चौकटीवरची पट्टी जरा सरकवून घ्या, काम झालं.

उघड्या दारातही अडत असेल, तर आधी ग्रॅफाइट पावडर घालून बघा. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल ओतू नका. चार दिवस बरं वाटतं, मग उन्हाळ्याची धूळ त्यात चिकटून बसते आणि चावी आणखी जड होते.

एवढं करूनही सुधारलं नाही, किंवा चावीच हरवली असेल, तर सिलिंडर बदला. अख्खं लॉक काढून दार नव्याने कोरायची बहुतेकदा गरज नसते.

सर्वात जास्त गोंधळ मापात होतो. दुकानात नुसतं ‘साठचा द्या’ म्हणून भागत नाही. सिलिंडरच्या मधल्या भागात स्क्रूचं भोक असतं. त्या भोकाच्या मध्यापासून बाहेरचं टोक किती आणि आतलं टोक किती, अशी दोन मापं वेगवेगळी घ्यायची. 30-30 आणि 25-35, दोन्ही एकूण 60 मिलिमीटरच भरतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांची सागवानी दारं जाड असतात, तिथे तर अंदाजाने घेऊच नका. जुना सिलिंडर काढून सोबत न्या. नवा सिलिंडर बाहेरच्या बाजूने दारावरच्या हँडलच्या पट्टीपासून 2-3 मिलिमीटरहून जास्त पुढे आला, तर चोराला पकडीत धरून मोडायला सोपा जातो, कारण त्या भोकापाशीच तो सर्वात कमकुवत असतो. हे मी फार गांभीर्याने सांगतोय.

काढताना ठोकाठोक नको. दाराच्या कडेला, लॉकच्या लांब पट्टीवर, सिलिंडरच्या समोरच एक स्क्रू असतो, तो पूर्ण काढा. तरीही सिलिंडर हलत नाही, कारण त्याचा मधला दात आडवा अडकलेला असतो. चावी घालून अगदी थोडी, दहा-पंधरा अंश, इकडेतिकडे फिरवत हलकेच ओढा. दात सिलिंडरच्या अंगाशी सरळ झाला की तो निसटून हातात येतो. स्क्रू गंजला असेल, तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडं थांबा. जोर लावला तर डोकंच झिजतं.

सिलिंडरला एका बाजूला नॉब, म्हणजे हाताने फिरवायची मूठ, असेल तर बसवताना ती बाजू आत. स्क्रू ड्रिल मशीनने कसू नका, हाताने लावा. जास्त आवळला की नवाकोरा सिलिंडरही जड फिरतो. तसं झालं तर स्क्रू पाव फेरा सैल करा.

मग दार उघडंच ठेवून नव्या सिलिंडरच्या पाकिटातली प्रत्येक चावी फिरवून बघा. एखादी नीट कापलेली नसते, आणि ती नेमकी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती पडते.