डेस्कटॉप प्रोग्रॅममधून दूरच्या सर्व्हरवरील स्क्रिप्ट बोलावताना घ्यावयाची काळजी

समजा, देवगडच्या एका आंबा पॅकिंग शेडमधील विंडोज संगणकावर वाशीला गेलेल्या पेट्यांची नोंद होते, ती नोंद दूरच्या सर्व्हरवरील पीएचपी स्क्रिप्टकडे (तिथे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे) जाते आणि तिथे बागायतदाराची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, तयार होते. असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावे की, स्क्रिप्टचा पत्ता ज्याला कळला त्याला प्रोग्रॅमची गरजच उरत नाही. फिडलरसारखे, संगणकाची इंटरनेटवरची देवाणघेवाण पकडून दाखवणारे साधन त्याच संगणकावर चालवले की प्रत्येक विनंती दिसू लागते. एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत, असली तरीही दिसते, कारण फिडलरचे प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल फाईल) विश्वासार्ह ठरवणे संगणकाच्या मालकाच्याच हाती असते.

म्हणूनच डेटाबेसचा पासवर्ड किंवा सर्वांना मिळून एकच गुप्त किल्ली प्रोग्रॅममध्ये कधीही ठेवू नये. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रात बनवलेल्या प्रोग्रॅमची फाईल आयएलस्पाय या कोड उलगडणाऱ्या साधनात उघडली की जवळजवळ मूळ कोडच वाचायला मिळतो; तो गुंतागुंतीचा करून ठेवल्याने फार तर वेळ लागतो. मायएसक्यूएल डेटाबेसचे ३३०६ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे दार) इंटरनेटसाठी बंदच असावे. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावे, त्यावर स्क्रिप्टने थोड्या मुदतीचे टोकन (ओळख पटवणारी अक्षरमाला) द्यावे आणि ते हेडरमधून, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या वेगळ्या माहितीतून, पाठवावे, कारण पत्त्यात जोडलेले टोकन सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) उघडे पडून राहते.

खरी गफलत होते ती पुढे. पट्टी मागवणाऱ्या विनंतीत बागायतदार क्रमांक ४१ असेल, तर कोणीही तिथे ४२ लिहून शेजाऱ्याचा हिशेब पाहू शकतो. प्रोग्रॅममध्ये बटण लपवून हे थांबत नाही. टोकन कोणाचे आहे आणि त्याला काय पाहण्याचा अधिकार आहे, हे स्क्रिप्टनेच दरवेळी तपासावे. एकूण रक्कमही प्रोग्रॅमकडून न घेता सर्व्हरवरच काढावी. आलेली मूल्ये एसक्यूएलच्या (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या) वाक्यात थेट जोडू नयेत, प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आज्ञा आणि मूल्ये वेगळी ठेवणारी रचना, वापरावे.

प्रमाणपत्राची त्रुटी आली की तपासणीच बंद करण्याचा मोह अनेकांना होतो, पण तसे केल्यास वाटेत बसलेल्या कोणाचाही बनावट सर्व्हर खरा ठरतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते आणि त्याचे नूतनीकरण आपोआप करता येते, तेव्हा या आडवाटेला कारणच नाही. एचटीटीपीएसमागच्या टीएलएस या सुरक्षा पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या आहेत, किमान १.२ ठेवावी.

किनाऱ्यावर मे महिन्यातल्या वळवाने वीज आणि नेटवर्क गेले, तर नोंद सर्व्हरवर पोहोचते पण उत्तर परत येत नाही, आणि प्रोग्रॅम तीच नोंद पुन्हा पाठवून पेट्या दुप्पट करतो. प्रत्येक नोंदीला प्रोग्रॅमनेच एकमेव ओळखक्रमांक द्यावा आणि डेटाबेसने तो दुसऱ्यांदा स्वीकारू नये. कोणी जुनी नोंद मुद्दाम पुन्हा पाठवली तरी तीही मग वाया जाते.

शेडमध्ये बसवण्यापूर्वी प्रोग्रॅम बाजूला ठेवून कर्ल या थेट विनंती पाठवणाऱ्या साधनाने एक चाचणी घ्यावी: क्रमांक ४१ चे टोकन वापरून ४२ ची पट्टी मागावी. उत्तर ४०३ (परवानगी नाही) आले पाहिजे, आणि त्यासोबत टेबलचे नाव किंवा फाईलचा मार्ग दाखवणारा पीएचपीचा त्रुटीसंदेश अजिबात दिसता कामा नये.