दुबईचं विमान तीन तासांचं, पण परभणीहून निघताना या चुका टाळा

माझ्या मामेभावाचं मुंबई-दुबई तिकीट १५ तारखेचं होतं, वेळ ००:४०. १४ ला संध्याकाळी आम्ही त्याला परभणी स्टेशनवर सोडलं. मामींनी दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी अजून कोमट होती. १५ ला सकाळी तो मुंबईत उतरला, दिवसभर कल्याणला मावशीकडे थांबला आणि रात्री नऊला विमानतळावर पोचला. दारावरच्या जवानानं तिकीट पाहून सांगितलं, विमान काल रात्रीच गेलं. वीस तास आधी.

००:४० म्हणजे तारीख नुकतीच बदललेली. १५ तारखेच्या त्या विमानासाठी १४ च्या रात्री नऊ-साडेनऊला विमानतळावर हजर राहायचं आणि परभणी सोडायची १३ लाच. ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण बहुतेक वेळा जुन्या तिकिटाचे पैसे बुडतात आणि ऐन वेळचं नवं दुप्पट भावानं घ्यावं लागतं.

दुसरा घोळ घड्याळाचा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून पहाटे ४:३० ला निघून दुबईत ६:०० ला पोचणार असं दिसलं, तर प्रवास दीड तासाचा नव्हे, तीन तासांचा. येताना दुबईहून रात्री १०:०० ला निघालेलं विमान आपल्या २:२० ला उतरतं. ते चार तास वीस मिनिटं वाटतात, पण असतात दोन तास पन्नास मिनिटं. अंतर दोन्हीकडून तेच, साधारण १,९३० किलोमीटर. पण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्तच जोरानं, म्हणून जाताना वेळ जास्त लागतो. घ्यायला येणाऱ्यांना उतरण्याची वेळ सांगताना कुठली वेळ ते स्पष्ट सांगा.

विमानतळाचं नाव नीट वाचा. आता नवी मुंबईतूनही विमानं उडतात. तिकडे उतरायला कधीकधी दुबईऐवजी शेजारच्या शारजाचं तिकीट स्वस्त मिळतं. ते घ्यायला हरकत नाही, फक्त न्यायला येणाऱ्याला आधी कळवा.

आता आपल्या बाजूचा प्रवास, ज्याचा हिशोब कुणी धरतच नाही. दिवसाच्या गाडीनं रात्री मुंबईत उतरून त्याच मध्यरात्रीचं विमान गाठायचा बेत करू नका. मनमाडपर्यंत बऱ्याच ठिकाणी रूळ एकेरी आहेत; दोन क्रॉसिंगला गाडी थांबली की तास-दीड तास गेलाच. संभाजीनगर-जालन्याहून समृद्धी महामार्गानं निघालात तर भिवंडीजवळ आमण्यापर्यंत गाडी सुसाट येते, पण तिथून विमानतळापर्यंतच्या गर्दीसाठी दोन तास वेगळे धरा. बहुतेक कंपन्यांचं चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तास-सव्वा तास आधी बंद होतं, नंतर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो.

मामेभाऊ पुढच्या महिन्यात गेला. या वेळी मामींनी भिंतीवरच्या कॅलेंडरात विमानाची तारीख लिहिलीच नाही. परभणी सोडायच्या तारखेभोवती लाल गोल केला.