मटकीचा प्रयोग मुलांनाच आखू द्या

साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. ही चौकट आमच्या सातवीच्या पोरांना तोंडपाठ असते. वहीत अनुमान आधी लिहायचं आणि निरीक्षण त्यावर बेतायचं, हेही त्यांना चांगलं जमतं. म्हणून वर्षातून निदान एक प्रयोग मी असा घेते की त्याची कृती पुस्तकात नसते, ती मुलांनीच ठरवायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यामुळे साहित्य पोषण आहाराच्या कोठीतलं: मटकी.

सुरुवात एका प्रश्नाने करा. मोड आणायला मटकी फडक्यात बांधून का ठेवतात? अंधार लागतो, ऊब लागते, ओल टिकते, आणि हमखास एक उत्तर येतं, ‘आजी म्हणते, दृष्ट लागते.’ सगळी उत्तरं फळ्यावर लिहा. कुणालाही चूक म्हणू नका, दृष्टवाल्यांना तर मुळीच नाही. प्रत्येक गटाने एक उत्तर उचलायचं आणि ते तपासायचं कसं ते सांगायचं.

दृष्टवाला गट म्हणतो, एक वाटी झाकू, एक सगळ्यांसमोर उघडी ठेवू. लगेच मागून कोणीतरी ओरडतं, ‘झाकली की उजेडपण जातो की!’ हे तुम्ही सांगण्यापेक्षा वर्गातून आलेलं शंभर पटीने बरं. मग मुलंच तोड काढतात: दोन्ही वाट्या उघड्या, दोन्ही खिडकीपाशी, पण एक वर्गात आणि दुसरी कुलूपबंद खोलीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम इथे आपोआप गळी उतरतो.

‘बाकी सगळं सारखं’ एवढ्यावर मात्र सोडू नका. सगळं म्हणजे काय, याची यादी करायला लावा. मटकी एकाच पोत्यातली, भिजवायचा वेळ तोच, पाणी मोजून तेवढंच, बरण्या एकसारख्या. अंधारवाल्या गटाने एका बरणीला काळा कागद गुंडाळला आणि दोन्ही उन्हात ठेवल्या, तर काळी जास्त तापणार. मग अंधाराची परीक्षा झाली की उष्णतेची? दोन्ही सावलीत हव्यात.

दाणे किती घ्यायचे? मुलं पाच म्हणतात. मटकीत गणंग असतात, कितीही भिजवा, फुगत नाहीत. पाचात एक गणंग निघाला की वीस टक्क्यांचा फरक पडतो, पन्नासात दोनच टक्क्यांचा. शिवाय पन्नास घेतले की दुप्पट करून टक्केवारी तोंडी निघते.

माझ्या मते खरी मजा पुढच्या भांडणात आहे. मोड ‘आला’ कधी म्हणायचं? एक गट पांढरं टोक दिसलं की मोजतो, दुसऱ्याला दाण्याएवढा मोड हवा असतो. भांडू द्या, पण निकाल मटकी भिजत घालण्याआधी लागला पाहिजे. वाकडा मोड मोजायला त्यावर दोरा धरायचा आणि तो पट्टीला लावायचा.

निरीक्षणाचा तक्ताही आधीच आखून घ्या. रकान्यांची नावं लिहिता येत नसतील, तर बेत अजून कच्चा आहे.

वेळेचं म्हणाल तर परिपाठाला भिजत घाला, शाळा सुटायच्या आत उपसून ओलसर फडक्यावर पसरा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी मोजणी. थंडीत एखादा दिवस जास्त धरा. शुक्रवारी सुरू करू नका. शनिवारी अर्धी शाळा, रविवारी कुलूप, आणि सोमवारी वर्गात वास.

नोंदी पेनाने करायच्या. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर नाही. अंधारातली आणि उजेडातली मोजणी जवळपास सारखीच निघते, कारण मटकीला मोड यायला अंधार लागत नाही. पण अंधार जिंकणार असं आधी लिहिलेला गट इथे कासावीस होतो आणि आकड्यांना हळूच हात लागतो. गुण बेताला आणि नोंदींना आहेत, उत्तराला नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं तर हात आवरतो. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत प्रकल्पाबरोबर नोंदवहीही मागतात. बाबांनी रात्रीत रंगवलेल्या तक्त्यांपेक्षा अशी खाडाखोड झालेली वही मला केव्हाही आवडेल.

बरण्या चारपाच दिवस तशाच राहू द्या. अंधारातली रोपं लांबुडकी, पिवळट होतात. उजेडातली आखूड आणि हिरवी. मग प्रश्न मोडांचा राहत नाही, वाढीचा होतो, आणि नवा तक्ता आखावा लागतो. ओलीच्या गटाने एक वाटी पूर्ण पाण्यात बुडवून ठेवली असेल, तर ती रोज हुंगून बघा आणि वेळेत टाका. प्रयोगातली मटकी मात्र कुणाला खाऊ देऊ नका. रोपं परसबागेत लावता येतील.