कार्बोरेटरवाल्या मारुती 800चं ॲव्हरेज वाढवताय? या चुका टाळा

जुनी 800 घेतलेला माणूस पहिल्याच रविवारी पाना हातात घेतो आणि नेमका नको तिथे लावतो. मग गाडी माझ्या दारात. "काका, आधी पंधरा द्यायची, आता बारापण देत नाही." काय केलंस म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: जेट बदलला.

मेन जेट म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधलं, पेट्रोल मोजून सोडणारं भोक. तो बारीक केला की पेट्रोल कमी जातं, खरंय. पण 796 सीसीच्या त्या तीन सिलिंडरना गाडी ओढायचीच असते. पिकअप पडतो, तुम्ही पाय आणखी दाबता, हिशोब तिथल्या तिथे. वर मिक्स्चर लीन होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, इंजिन तापतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो तो वेगळाच. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कंपनीच्या जेटवरसुद्धा मिक्स्चर आधीच थोडं लीन झालेलं असतं. शिवाय लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे ॲव्हरेजमधली थोडी घट इंधनाचीच आहे, ती कुठल्याही पान्याने परत येणार नाही. त्यापेक्षा पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदला, इथेनॉल त्यांना खातं. मी जेटला हात लावायच्या आधी तिन्ही स्पार्क प्लग काढून बघतो. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर कार्बोरेटर तसाच सोडतो. पांढरे म्हणजे लीन, काजळी धरलेले म्हणजे रिच, पेट्रोल जास्त.

दुसरी चूक मी स्वतः भोगलीय. माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, एका गॅरेजवाल्याने मला न विचारता काढून टाकला होता. "आपल्याकडच्या गरमीत कशाला पाहिजे?" हे त्याचं म्हणणं मला नंतर कळलं. नाशिकच्या थंडीत तापमानाचा काटा तळाशीच. इंजिन गार, त्यामुळे गचके देई, म्हणून मी चोक, म्हणजे गार इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची दांडी, अर्धा ओढूनच ऑफिस गाठायचो. गाडी पेट्रोल पीत होती आणि मी प्लग बदलत होतो, कार्बोरेटर दोनदा धुतला, एअर फिल्टर नवा टाकला. दोन हिवाळे गेले. शेवटी थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं तर आत काहीच नाही! नवा थर्मोस्टॅट बसवला आणि तेराची गाडी सोळावर आली. तेव्हापासून नव्याने आलेल्या प्रत्येक 800चा रेडिएटरचा वरचा पाइप मी हाताने बघतो. गार इंजिन सुरू केल्यावर तो काही मिनिटं थंडच राहिला पाहिजे, मग एकदम तापला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट गायब तरी आहे किंवा उघडा अडकलाय. काढलेला तपासायचा तर दोऱ्याला टांगून पातेल्यातल्या पाण्यात तापवा, पाणी उकळायच्या आधी तो उघडतो. पातेलं मात्र जुनं घ्या. आमच्या घरी त्यावरून झालंय.

पेट्रोलच्या पाइपवर लावायचं मॅग्नेट, टाकीत टाकायच्या गोळ्या: नको. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने असली शंभरावर उपकरणं तपासली, फायदा दिसला तो मोजक्यांत, तोही किरकोळ.

घाट उतरताना न्यूट्रल: अजिबात नाही. ब्रेक तापून गेल्यावर वाचवलेल्या पेट्रोलचं काय करणार?

रुंद टायर दिसतात छान, पण गाडी जड चालते. त्यात टायरचा घेर वाढला तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो, मग तुमचं ॲव्हरेजचं गणितच खोटं.

ब्रेक चिकटलेत का, हे तर कुणी बघतच नाही. जॅकवर चाक उचला, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, आणि हाताने फिरवा. घासत असेल तर आधी ते.

आणि मोजताना फुल टाकी ते फुल टाकी मोजा, शक्यतो एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटला, म्हणजे पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथेच, थांबून. एका वेळी एकच बदल, मग निदान दोन टाक्या थांबा. परवा एका पोराने एकाच दिवशी प्लग, जेट आणि टायर बदलले आणि मला विचारतो, "काका, ॲव्हरेज नेमकं कशाने पडलं?" मला काय माहीत?