नाल्याच्या पाण्यावर पालक नको : रब्बी भाजीपाल्यासाठी सल्ला

सोयाबीन निघालं की इंदूर-सांवेर पट्ट्यात पालक, मेथी, कोथिंबिरीचे वाफे पडू लागतात. तुमची मोटर इंदूरचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या कान्ह नदीवर किंवा कारखान्यांमागच्या नाल्यावर असेल, तर बी घेण्याआधी पाणी आणि माती तपासून घ्या.

सांडपाण्यातल्या नत्रामुळे पालक हिरवागार येतो, खतही वाचतं. त्यात मिसळलेला कॅडमियम हा विषारी धातू मात्र पानावर दिसत नाही. सिंचनाच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम मानतात. अगदी तेवढंच असलेलं पाणी ५ सेंमीच्या सहा पाळ्यांत दिलं, तरी हंगामात हेक्टरी ३० ग्रॅम कॅडमियम शेतात येतं. ते कुजत नाही, उडत नाही. वरच्या वीतभर मातीत वर्षानुवर्षं साठतं.

अशा पाण्यातला दुसरा विषारी धातू म्हणजे शिसं. ते बहुतेक मातीत आणि मुळाशी अडकतं. पानावरचं बरंचसं धुळीचं असतं, ते स्वच्छ पाण्याने धुतलं की कमी होतं. कॅडमियम मुळातून थेट पानात चढतं. ते धुऊन जात नाही, शिजवूनही नाही, आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात दहा-वीस वर्षं ठाण मांडतं. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणूनच पालेभाजीत किलोला कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिलिग्रॅम एवढीच कायद्याची मुभा आहे.

सरकारी सॉइल हेल्थ कार्डातल्या (माती आरोग्य पत्रिकेतल्या) १२ तपासण्यांत शिसं-कॅडमियम नसतं. ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. बांध, उकिरडा टाळून शेतात १०-१५ जागी १५ सेंमी खोल इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्या आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा. खुरपं स्टीलचं, टब प्लास्टिकचा. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं नको, नाहीतर जस्ताचा आकडा खोटा येतो. सगळी माती मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. पाण्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, तिच्यात आम्ल घातलेलं असतं. ती विसळू नका.

आकडे मर्यादेच्या वर आले तर त्या तुकड्यात पालेभाज्या, मुळा, गाजर बंद. फळभाज्यांत आणि डॉलर चण्याच्या (मोठ्या काबुली चण्याच्या) दाण्यात धातू कमी उतरतात, पण पाणी बोअरचंच द्या. बोअर नसेल तर खाण्यात न येणारा झेंडू लावा.

चुना टाका असं बरेच जण सांगतात. तो आम्ल जमिनीचा उपाय. आपली काळी माती मुळातच विम्ल (अल्कधर्मी), इथे पैसा वाया जातो. कार्डावर जस्त कमी असेल तर मात्र पेरणीआधी एकरी १० किलो झिंक सल्फेट जरूर द्या. जस्त आणि कॅडमियम झाडाच्या मुळांमध्ये एकाच वाटेने शिरतात. जस्त अपुरं पडलं की कॅडमियमचं फावतं. डीएपी खतात मात्र झिंक सल्फेट मिसळू नका, जस्त त्यातल्या स्फुरदाशी (फॉस्फरसशी) बांधलं जातं.

नाल्याचा वाळलेला गाळ खत म्हणून आणू नका. धातू सगळ्यात जास्त त्यातच असतात. बोअरवर पिकवलेली भाजीसुद्धा मंडीत नेण्याआधी नाल्यात बुचकळली, तर जुडीच्या देठांमध्ये तो काळा गाळ बसतो आणि वरून पाणी शिंपडून निघत नाही. जुड्या बांधण्याआधीच मुळं कापा आणि भाजी बोअरच्या पाण्याने दोनदा धुवा.