फायबर रिंगमध्ये बिघाड कुठे? पोर्टचे आकडे असे वाचा

सातपूर, अंबड, मुंबई नाका, पंचवटी आणि गंगापूर रोडवरून परत सातपूर, अशी आमची इंटरनेटच्या फायबर केबलची रिंग नाशिक शहराला वळसा घालते. यातल्या प्रत्येक ठिकाणी (नोडवर) एक स्विच आहे आणि केबल त्याच्या पोर्टमध्ये लागते. ‘नेट अडकतंय’ असा फोन आला की नवीन मुलं स्प्लायसिंग मशीन (तुटलेलं फायबर जोडायचं यंत्र) गाडीत टाकून निघतात. मी त्यांना आधी लॅपटॉपसमोर बसवते. कुठल्या दोन नोडच्या मध्ये जायचं, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

आधी रिंगवरच्या सगळ्या पोर्टचे आकडे उतरवून घ्या आणि काउंटर (स्विच ठेवतो ती मोजणी) शून्य करा. पोर्टवर दिसणारे हजारो सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेल्या फ्रेमची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, मोजणी) गेल्या पावसाळ्यातलेही असू शकतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. जो आकडा वाढतोय, तोच आजचा बिघाड.

सीआरसी एरर मोजतो तो घेणारा स्विच. पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. समजा, अंबडच्या सातपूरकडच्या पोर्टवर सीआरसी वाढतोय आणि सातपूरच्या समोरच्या पोर्टवर शून्य आहे. म्हणजे अंबडहून सातपूरला जाणारी कोअर (केबलमधला एका दिशेचा फायबरचा धागा) धडधाकट आहे. संशय सातपूरहून येणाऱ्या कोअरवर, तिच्या दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्डवर (स्विचला जोडणाऱ्या छोट्या वायरवर), सातपूरच्या एसएफपीच्या (पोर्टमध्ये बसणाऱ्या, प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या मॉड्यूलच्या) लेझरवर आणि अंबडच्या रिसीव्हरवर. जेसीबीने केबल तोडली तर सहसा दोन्ही दिशा एकदम जातात. एकाच दिशेला एरर असेल तर मी आधी कनेक्टर पुसायला सांगते. एक सावधगिरी: कट-थ्रू पद्धतीचा (फ्रेम पूर्ण यायच्या आधीच पुढे पाठवणारा) स्विच खराब फ्रेम तशीच पुढे ढकलतो, मग पुढच्या नोडवरही सीआरसी दिसतो. अशा वेळी फ्रेमच्या वाटेवर सीआरसी दाखवणारा पहिला पोर्ट शोधा.

आता प्रकाशाची पॉवर. सातपूरहून वजा ६ डीबीएम (प्रकाशाच्या पॉवरचं माप; त्यातली घट डीबीमध्ये मोजतात) निघतेय आणि अंबडला वजा १८ पोचतेय, म्हणजे वाटेत १२ डीबी गेले. १३१० नॅनोमीटरला सिंगल मोड फायबर किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी खातं. सहा किलोमीटरला दोन-सव्वादोन डीबी, वर जॉइंट आणि कनेक्टर धरले तरी १२ होत नाहीत. कनेक्टर पुसूनही फरक पडला नाही तर ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाड किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) लावा. पॉवर चांगली असून सीआरसी येत असेल तर एसएफपी बदलून बघा. लांब पल्ल्याचा एसएफपी जवळच्या अंतरावर लावला असेल तर जास्त प्रकाशानेही रिसीव्हर चुकतो. तिथे अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा जोड) हवा.

आउटपुट ड्रॉप (पोर्टला पुढे पाठवता न आल्याने टाकून दिलेल्या फ्रेम) वाढले तर फायबरला दोष देऊ नका, ती गर्दी आहे. अंबड आणि मुंबई नाक्यामधली लिंक तुटली की अंबडची सगळी वाहतूक गंगापूर रोडने फिरते आणि ड्रॉप तिथे दिसतात. तुटलेली जागा भलतीकडेच असते.

ईआरपीएस (इथरनेट रिंग सांभाळणारी पद्धत) रिंगमध्ये फ्रेम गोल गोल फिरत राहू नयेत, म्हणजे लूप होऊ नये, म्हणून एक पोर्ट मुद्दाम अडवलेला असतो. त्यावर ग्राहकांची वाहतूक जवळजवळ शून्य दिसणार, ते योग्यच आहे. त्याचा एसएफपी काढू नका! उलट रिंग धड असताना तिथून वाहतूक जाऊ लागली आणि सगळ्या पोर्टवर ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम जाणाऱ्या फ्रेम) झपाट्याने चढू लागले, तर लूप झालाय. लगेच रिंगमधली एक लिंक बंद करा, कारण नंतर शोधा.

सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदले जातात तेव्हा नवे जॉइंट पडतात. प्रत्येक जॉइंटनंतर दोन्ही टोकांची पॉवर तारखेसह त्याच दिवशी वहीत लिहा.